उजवं पान

सोमवार, ६ जानेवारी

आले एकदाची. खोली शाळेच्या फाटकासमोरच आहे, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून मैदान, घंटा आणि सातवीच्या वर्गाची तीन तावदानं दिसतात. नवऱ्याने बॅगा वर आणून दिल्या आणि दारात उभं राहून, वय वर्षे त्रेचाळीस, शाळेचा पहिला दिवस, रडायचं नाही हं, असं बजावून गेला. लेकीने फोनवर डबा विसरू नकोस म्हणून सांगितलं. दोघांनी मिळून यथेच्छ टिंगल करून घेतली. करू देत. सोळा वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यावर मला मुलांना विज्ञान शिकवावंसं वाटतंय, हे मी घरात चाचरत सांगितलं तेव्हा अभ्यासक्रमाचा अर्ज याच दोघांनी आणून दिला होता.

आता शेवटचा टप्पा. सहा आठवड्यांत या शाळेत बारा पाठ घ्यायचे. प्रत्येक पाठावर मार्गदर्शक शिक्षिकेचा शेरा आणि माझी सही. बारा झाले की मी शिक्षिका. एक जरी राहिला तरी वर्ष फुकट.

माझ्या मार्गदर्शिकेला सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते. चणीने इतक्या लहान आहेत की ते नाव ऐकून मला हसू आलं. निवृत्तीला आल्यात, आवाज मऊ आहे, कपड्यांना कडक इस्त्री. मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले की त्यांच्या हाताखालून गेलेली एकही छात्राध्यापिका नापास झालेली नाही. शेजारी उभे असलेले शिपाईमामा म्हणाले, पास तर सगळ्या झाल्या, आणि मग त्यांना कुठलंसं काम आठवलं.

बाईंनी मला निरीक्षण वही दाखवली. डाव्या पानावर त्या हिरव्या शाईने शेरा लिहिणार. उजव्या पानावर मी, स्वतःच्या हाताने, तो शेरा मान्य करून कबुली लिहायची आणि खाली सही करायची. उजवं पान भरल्याशिवाय पुढचा पाठ नाही. आणि उजव्या पानावर ‘पण’ हा शब्द चालत नाही. मला हे फार आवडलं. प्रयोगशाळेत नमुना खराब झाला तर आम्हीही ‘पण’ न लावता नोंदवायचो. चूक ती चूक.

बुधवार, ८ जानेवारी

पाठ पहिला, विद्राव्यता. सातवीत बेचाळीस मुलं आहेत. पहिली पाच मिनिटं माझा आवाज माझाच वाटेना. पुढे सुधारला.

शेरा वाचून थक्क झाले. फळ्यावरच्या ओळी उजवीकडे घसरतात. मुलांकडे अकरा वेळा पाठ केली. ‘समजलं का’ हा प्रश्न सतरा वेळा विचारला आणि एकदाही उत्तराची वाट पाहिली नाही. सगळं खरं. इतकं बारीक लक्ष देऊन मला आजवर कुणी पाहिलेलं नाही, नवऱ्याने तर नाहीच. उजवं पान भरभरून लिहिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या सहीवर अलगद बोट ठेवलं, शाई वाळली की नाही ते पाहावं तसं.

शुक्रवार, १० जानेवारी

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. दोन वेण्या, एक नेहमी सुटलेली. वर्ग तिला शंकासूर म्हणतो आणि ती ते बिरुद मिरवते. आज तिने विचारलं की ग्लास काठोकाठ भरलेला असला आणि त्यात चिमूटभर मीठ टाकलं तर पाणी सांडत का नाही, मग मीठ गेलं कुठे? मागून कोणीतरी ओरडलं की तुझ्या डोक्यात. मी त्याला गप्प केलं आणि तिला म्हटलं, सोमवारी करूनच पाहू. अशा एका मुलीसाठी नोकरी सोडावी, असं मला वर्गातून बाहेर पडताना वाटलं.

शेरा असा आहे: विद्यार्थिनीचा प्रश्न छात्राध्यापिकेने हसण्यावारी नेला. वर्ग हसला. मुलगी खाली बसली.

मी हसले? मला आठवत नाही. वर्ग हसला हे खरं. मी हसले असेन का, त्या मागच्या पोराच्या बोलण्याला? चेहऱ्यावर काहीतरी आलं असेल. बाईंना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या की आपलं हसू आपल्याला दिसत नाही. हेही खरंच.

सही केली. घरी फोनवर सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला की खुर्चीला पाय लागला तरी तू खुर्चीची माफी मागतेस, तुला कबुलीजबाब लिहायला लावणं म्हणजे माशाला पोहायला लावणं.

सोमवार, १३ जानेवारी

ग्लास, मीठ, पाणी घेऊन गेले. शंकासुराने हात वर केला नाही. मान खाली, वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढत होती. मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारलं. तिने आधी काही नाही म्हटलं. मग, माझ्याकडे न बघता, सांगितलं की बाई, तुम्हीच हसलात ना.

म्हणजे हसलेच. बाईंचं बरोबर होतं. मी इतकी वर्षं स्वतःला फार हळवी समजत आले, आणि एका मुलीचा प्रश्न मारून मला कळलंही नाही. बरं झालं बाई मागे बसल्या होत्या.

शुक्रवार, १७ जानेवारी

पाठ चौथा. शेरा: उत्तर न आल्यामुळे त्याच मुलीला तास संपेपर्यंत उभं ठेवलं.

हे मी केलेलं नाही. हसू निसटू शकतं. पण एका मुलीला अर्धा तास उभं ठेवायचं आणि विसरायचं, हे कसं होईल? बाईंना सांगितलं, जितक्या आदराने सांगता येईल तितक्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या की मी मागे बसते, मला वर्ग दिसतो. तुम्हाला पुढून फक्त तुमचा पाठ दिसतो. मग हसून म्हणाल्या की गेल्या खेपेलाही तुम्हाला आठवत नव्हतं, नाही का?

दुपारभर वहीसमोर बसले. प्रयोगशाळेतलं आमचं पहिलं तत्त्व हेच की तपासणाऱ्याने स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्याकडून पडताळून घ्यायचं. इथे पडताळणारी दुसरी नजर बाईंचीच आहे.

चार वाजता सही केली. लिहिताना हात जड होता, हे इथे नोंदवून ठेवते. खाली उतरले तर शंकासूर फाटकाशी एका पायावर भार देऊन उभी होती. मला पाहून सरळ उभी राहिली. पाय दुखतायत का, असं विचारायचं धाडस झालं नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

पाठ सहावा. तास सुरू होण्याआधीच ठरवलं होतं की आज स्वतःवर लक्ष ठेवायचं. मी टेबलाच्या पुढे गेले नाही. एकदाही नाही. खडूने जमिनीवर रेघ मारून घेतली होती आणि ती ओलांडली नाही.

शेरा: विद्यार्थिनीचं मनगट धरून तिला बाकाबाहेर ओढलं.

या वेळी मी लगेच वर्गाबाहेर गेले. शिपाईमामा दाराशी स्टुलावरच बसलेले असतात. त्यांना विचारलं. म्हणाले, छे हो नव्या बाई, तुम्ही तर त्या टेबलाला चिकटल्यासारख्या उभ्या होता, पाय दुखले असतील. शंकासुराला बोलावलं आणि दोन्ही हात पाहिले. स्वच्छ. एका बोटाला शाई, बस्स.

मग बाईंना सांगितलं की मी सही करणार नाही. त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, तुमची मर्जी. सातवा पाठ कधी घ्यायचा ते उजवं पान भरल्यावर ठरवू.

त्या खोटं लिहितायत. का? मी त्यांचं काय घोडं मारलंय?

मंगळवार, २८ जानेवारी

दोन दिवस पाठ नाही. उरलेले दिवस मोजले. अजून सहा पाठ, आणि मुदत १४ फेब्रुवारी.

आज एक प्रयोग केला. नीट लिहिते, कारण नंतर माझा माझ्यावर विश्वास राहणार नाही.

सकाळी अकरा वाजता मामांना पुन्हा विचारलं. काहीच झालं नव्हतं, असंच म्हणाले. मुलीचे हात पुन्हा पाहिले. स्वच्छ. माझा हिशेब साधा होता: शेरा खोटा असेल तर माझ्या सहीने जगात काय फरक पडणार आहे? पाठ मिळेल आणि बाईंचं खोटं त्यांच्यापाशी राहील. अकरा वाजून दहा मिनिटांनी उजवं पान लिहिलं. मी विद्यार्थिनीचं मनगट धरून ओढलं, हे मला मान्य आहे. सही.

साडेअकराला वर्गासमोरून गेले. मामा स्टुलावरून उठले नाहीत. पुढे गेल्यावर मागून म्हणाले, लेकरू आहे हो बाई, हात उचलायचा नाही.

मुलीच्या उजव्या मनगटावर चार निळे डाग. चार दिवसांचे, कडेने पिवळे पडू लागलेले. रक्ताशी सोळा वर्षं काढलीत मी, डाग किती दिवसांचा ते मला कळतं.

संध्याकाळी भांडी घासताना माझ्या हाताला तिचं मनगट आठवलं. किती बारीक होतं. किती गरम. मी ओढलं तेव्हा बाकाचा कोपरा तिच्या कमरेला लागला आणि ती ‘आई’ म्हणाली.

हे आठवणं कालपर्यंत माझ्यापाशी नव्हतं.

गुरुवार, ३० जानेवारी

मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले की हिरवी शाई सगळ्यांनाच टोचते. मी आवाज चढवला तेव्हा त्यांनी वही मागवली, उघडली आणि माझ्यासमोर ठेवली. मुलीबद्दलच्या तिन्ही शेऱ्यांसमोर माझं अक्षर, माझी सही. म्हणाले, बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना? आता मधेच सोडून गेलात तर वही आहे तशी महाविद्यालयात जाईल आणि तुम्हाला कुणी मुलांच्या आसपास फिरकू देणार नाही. पुरं करा, मोठ्या बाई शेवटी चांगलंच लिहितात.

नवऱ्याला फोन केला. तो हसला नाही. म्हणाला की तू खरंच ओढलंस का तिला? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आठवा पाठ झाला. उजवं पान जे म्हणेल ते होतं, तर मग मी चांगलं का लिहू नये? शेरा होता की मुलीची वही फेकली. मी त्याखाली लिहिलं: फेकली, आणि नंतर मी तिची क्षमा मागितली, तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, ती हसली. खाली सही केली.

बाईंनी वाचलं. ‘फेकली’ नंतरच्या सगळ्या ओळींवर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. म्हणाल्या की उजव्या पानावर फक्त डाव्याचं उत्तर द्यायचं असतं. जणू मी परीक्षेत विचारलं नव्हतं ते लिहून आले होते.

मग पहिल्यांदाच त्या माझ्या शेजारी बसल्या आणि माझा हात हातात घेतला. गार हात. म्हणाल्या, तुम्ही फार प्रामाणिक आहात. अशी बाई मला खूप वर्षांनी मिळाली.

सोमवार, १० फेब्रुवारी

नववा, दहावा, अकरावा. रोज एक. शंकासूर आता वर्गात बोलत नाही. माझी सावली बाकावर पडली तरी अंग चोरते. मी काय काय केलंय ते इथे उतरवत नाही.

आजचा शेरा मात्र वेगळा होता. छात्राध्यापिकेला आपल्या हातून काय घडलं ते नंतर आठवत नाही. एवढंच. मुलीचा उल्लेखही नाही. वाचून मला जवळजवळ बरं वाटलं. साऱ्या वहीतलं हे एकच वाक्य मी स्वतःहून लिहिलं असतं. कुणाला काही झालेलं नाही, कुणाला लागलेलं नाही, फक्त माझ्याबद्दलचं एक सत्य. लगेच मान्य केलं. सही केली.

आणि घरी येताना जिन्यात थांबले. मी काय मान्य केलं?

बुधवार, १२ फेब्रुवारी

आता ही रोजनिशी पिशवीतच ठेवते. काल दुपारचे दोन तास कुठे गेले ते सापडत नाही. बोटांना खडू होता.

आज चंचुपात्रं आणायला विज्ञानाच्या साहित्याच्या खोलीत गेले. जिन्याखालची, बिनखिडकीची खोली. दार जाड, कुलूप जुनं, इतकं घट्ट की एका हाताने कुलूप धरायचं आणि दुसऱ्याने किल्ली पिरगळायची. वरच्या फळीवर निरीक्षण वह्या होत्या. चार.

तीन वह्या तीन छात्राध्यापिकांच्या. डाव्या पानांवर हिरवी शाई. पाठ दुसरा: प्रश्न हसण्यावारी नेला. पाठ चौथा: उभं ठेवलं. पाठ सहावा: मनगट. तिन्हींत तेच. अकरावा: आठवत नाही. बारावा:

मधल्या सुट्टीत विद्यार्थिनीला साहित्याच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. शाळा सुटली. पुढे दोन दिवस सुट्टी.

तिन्ही उजवी पानं भरलेली. मान्य आहे. मान्य आहे. मान्य आहे.

चौथी वही फार जुनी. तिच्यात डावीकडे कुणा दुसऱ्याचंच अक्षर, निळी शाई, आणि उजवीकडे मोठ्या बाईंचं. तेव्हा त्या शिकाऊ होत्या. शेरे तेच. सगळी उजवी पानं त्यांनी भरलीत. बाराव्याचं कोरं आहे.

म्हणजे त्यांनी हे केलं होतं. खरोखर, एकदा, फार पूर्वी. आणि ते एक पान कधीच लिहिलं नाही. तेव्हापासून दुसऱ्यांकडून लिहवून घेतायत.

नंतर, दुपारी. सगळ्यात अलीकडच्या वहीवरचं नाव मामांना दाखवलं. म्हणाले, ती मागच्या गल्लीत शिवणकाम करते, शिकवायला कधी गेलीच नाही. गेले. दार अर्धंच उघडलं तिने. मी वहीचं नाव काढताच सांगू लागली, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं: माझ्या हातून झालं, मीच कुलूप लावलं, सोमवारी उघडलं. कोण मुलगी, असं विचारलं. म्हणाली, दोन वेण्या होत्या, फार शंका विचारायची. ते किती वर्षांपूर्वी? सहा. मग तुमच्या हाताने कुलूप लावलेलं आठवतं का? ती म्हणाली की नाही, पण सही माझीच आहे.

मामांना तेवढंच ठाऊक आहे की दर खेपेला एक मुलगी शाळा सोडून जाते. कुठे, ते कुणी विचारत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ठरलं. बारावा पाठ घेणार नाही. प्रमाणपत्र गेलं चुलीत. बाईंना सकाळी तोंडावर सांगितलं की तुमचं पान तुम्ही भरा. त्या क्षणभर अगदी लहान मुलीसारख्या दिसल्या. मग म्हणाल्या, उद्या शुक्रवार. उद्याचं उद्या.

शंकासुराला फाटकाशी गाठलं. उद्या शाळेत येऊ नकोस म्हटलं. ती मागे सरकली, पण महिनाभराने तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं की का?

मी सांगू शकले नाही. उद्या तू येऊ नकोस कारण मी —

तिने मान हलवली. कारण नसेल तर ती येणार. तशीच आहे ती.

उद्या मी खोलीतून बाहेर पडणार नाही. दाराला आतून कडी घालीन. नवऱ्याला सकाळी येऊन घेऊन जायला सांगितलंय. दुपारपर्यंत पोचतो म्हणाला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळ, आठ. कडी लावलेली आहे. खिडकी बंद. सामान भरते आहे.

सव्वानऊ. घंटा झाली. मी खोलीतच आहे. पलंगावर.

पावणेअकरा. वर्गात आहे. फळ्यावर माझं अक्षर. ओळी उजवीकडे घसरलेल्या. कशी आले ठाऊक नाही. बाई मागे बसल्यायत, लिहितायत. शंकासूर दुसऱ्या बाकावर. पोरं गप्प. मी फळ्याकडे पाठ करून हे

साडेबारा? मैदान. मधली सुट्टी संपली वाटतं. शंकासूर दिसत नाही. नळावर नाही. बाकावर तिचं दप्तर आहे.

मामांना विचारलं. म्हणाले, तुमच्याबरोबरच होती ना.

दोन. पुन्हा वर्ग. दप्तर नाही. कोणी उचललं —

नवऱ्याचा फोन येऊन गेलाय. मी त्याच्याशी बोलले असं दिसतंय. चार मिनिटं. त्याला काय सांगितलं? संदेश आहे त्याचा: बरं, मग रविवारीच येतो, पास झाल्याबद्दल अभिनंदन.

पाच. शाळा सुटली. बाई फाटकातून गेल्या. जाताना म्हणाल्या की उजवं पान सोमवारी भरा, घाई नाही. मी म्हटलं, भरणार नाही. त्या हसल्या. दमलेलं माणूस अंथरुणाकडे बघून हसतं तसं.

मामा वरची कुलपं लावतायत. सांगितलं त्यांना, खालची खोली उघडा. म्हणाले, किल्ली तुम्हीच घेतलीत की दुपारी. आणि वर गेले.

खिशात आहे.

जिन्याखाली आले आहे. दारासमोर, जमिनीवर बसून लिहिते. आतून ठोकणं. फार मोठ्याने नाही. तीनदा, मग थांबतं, मग तीनदा. दमलीय ती.

मी हाक मारली. आतून विचारते आहे, बाई, किल्ली कुणाकडे आहे?

माझ्याकडे. माझ्याकडे आहे. उघडते.

मला आठवतंय की मी घरी गेले. जिना चढले. दार — नाही. मी इथे आहे. फरशी गार आहे. समोर कुलूप आहे. लिहिते आहे तोवर मी इथे आहे. शब्द थांबला की जिना दिसतो, खोली दिसते, शेगडीवर चहा —

नाही. इथे. इथे. दार. शंकासूर आत आहे.

एका हाताने कुलूप. किल्ली फिरत नाही. दुसरा हात लागतो. दुसऱ्या हातात पेन आहे.

मामा, म्हणून ओरडले. वरून काही नाही. गेले का —

ती विचारते, बाई, तुम्ही आहात ना अजून?

आहे. मी केलं की नाही हे मला ठाऊक नाही आणि आता मला ते जाणून घ्यायचं नाही. उघडायचंय फक्त. पेन ठेवावं लागेल. ठेवते. शंकासूर, दाराशीच थांब, मी दोन्ही हातांनी

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळ

सुटले एकदाची! बारावा पाठ झाला. खोलीत येऊन आधी चहा ठेवला, आणि तो फक्कड झाला. खिडकीतून मैदान रिकामं दिसतंय, संध्याकाळच्या उन्हात छान वाटतं. सातवीची तावदानं बंद. मामांनी फाटकाला साखळी घातली आणि माझ्या खिडकीकडे बघून हात केला. दोन दिवस सुट्टी. सोमवारी उजवं पान लिहिलं की मी शिक्षिका.

बोटांना गंजासारखा काहीतरी वास येतोय आणि उजव्या तळव्याला एक वळ उठलाय. कुठे लागलं असेल? टेबलावर एक जुनी किल्लीही आहे. ती कुठली ते आठवत नाही. सोमवारी मामांना विचारीन.

तारीख घालताना पाहिलं की आजची तारीख या वहीत आधीच घातलेली आहे. वरचं पान माझ्याच अक्षरात भरलेलं आहे. वेडंवाकडं, ओळींवरून उतरलेलं. आज सकाळपासून मी काही लिहिल्याचं मला आठवत नाही. शाई ताजी आहे. वाचते आहे.

कडी लावलेली. फळा. नळावर नाही. किल्ली कुणाकडे

बाई, तुम्ही आहात ना

चप्पल कुठे आहे, फाटकाला साखळी, मामांना हाक — मामा! — मी येते, येते, वही बरोबर घेते, लिहीत लिहीत उतरते नाहीतर जिन्यात पुन्हा, पहिली पायरी, दुसरी, मी शाळेत चाललेय, साहित्याच्या खोलीत, शंकासूर आत आहे, पाचवी, सहावी, मी चाललेय ती कशाला तर